रोझलिंड फ्रँकलिन : मेंदूज्वराच्या चाचणीमागची बाई

पावसाळा लागला की आपल्या वऱ्हाडात तापाची साथ ठरलेली. बहुतेक ताप चार दिवसांत उतरतात आणि लेकरं पुन्हा अंगणात उड्या मारायला लागतात. पण एखाद्या घरात सकाळी खेळणारं पोर दुपारी तापाने फणफणतं, उलट्या करतं, संध्याकाळी त्याला झटके येतात आणि ते आईलाही ओळखेनासं होतं. दवाखान्यात डॉक्टर मेंदूज्वराचा संशय बोलून दाखवतात आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी काढायची परवानगी मागतात. इथेच घरात वाद सुरू होतो. कुणी म्हणतं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, कुणी म्हणतं आधी बाहेरचं बघून घ्या. आणि वेळ निघून जातो.

त्या पाण्याच्या तपासणीच्या कागदावर एक नाव असतं, पीसीआर. करोनाने हे नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसवलं. २०२० मध्ये अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात ही चाचणी सुरू झाली, तेव्हा आपण नाकात काडी घालून घ्यायला रांगा लावल्या होत्या. ही चाचणी विषाणूला त्याच्या जनुकांवरून ओळखते. माणसाला जसं आधार क्रमांकावरून ओळखावं, तसंच. पण जनुक ज्या पदार्थाचे बनतात, त्याची घडण कशी असते हेच ७५ वर्षांपूर्वी कुणाला ठाऊक नव्हतं. ते कळण्यात ज्या एका बाईचा मोठा वाटा होता, तिचं नाव रोझलिंड फ्रँकलिन. मैत्रिणींनो, आज तिची गोष्ट.

हुशार मुलगी, सुखवस्तू घर

रोझलिंडचा जन्म २५ जुलै १९२० चा, लंडनचा. घर ज्यू धर्माचं, बँकेच्या व्यवसायातलं, खाऊनपिऊन सुखी. पाच भावंडांत ती दुसरी. वडील एलिस फ्रँकलिन दिवसा बँक बघायचे आणि संध्याकाळी कामगारांच्या कॉलेजात शिकवायला जायचे. आई म्युरिएल घर सांभाळून समाजकार्यात असायची. युरोपात हिटलरने ज्यू लोकांचा छळ मांडला, तेव्हा पळून आलेल्या निर्वासितांची सोय लावण्यात हे सगळं घर राबलं. आईबापांपासून तुटलेली परकी पोरं त्यांनी घरात ठेवून घेतली. माणुसकीचं हे शिक्षण रोझलिंडला शाळेआधी घरातच मिळालं.

लंडनच्या ज्या मुलींच्या शाळेत ती गेली, तिथे विज्ञान नीट शिकवलं जायचं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १९३८ मध्ये ती केंब्रिजला न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला गेली. आपल्याला वाटतं, तिकडे विलायतेत बायकांना सगळं मोकळं होतं. तसं नव्हतं, बरं का! मुली मुलांच्याच परीक्षा द्यायच्या, त्यांच्या बरोबरीने गुण मिळवायच्या, पण केंब्रिज विद्यापीठ १९४८ पर्यंत त्यांना पूर्ण पदवी देत नव्हतं, नावापुरती देत होतं. रोझलिंडने १९४१ मध्ये शिक्षण पुरं केलं ते याच पद्धतीत.

तेव्हा दुसरं महायुद्ध पेटलेलं. तिने कोळशावर संशोधन करणाऱ्या संस्थेत नोकरी धरली. कोळशाच्या आत किती बारीक छिद्रं असतात, कोणत्या कोळशातून काय आरपार जातं आणि काय अडतं, याचा तिने मुळापासून अभ्यास केला. विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत कोळसाच वापरत, म्हणून युद्धकाळात या कामाला मोल होतं. रात्री ती हवाई हल्ल्याच्या वेळी लोकांना सावध करणारी स्वयंसेवक म्हणून फिरायची. या कोळशाच्या कामावरच १९४५ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. वय होतं २५.

पॅरिसची चार वर्षं

१९४७ मध्ये ती पॅरिसला गेली. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत झाक मेरिंग यांच्या हाताखाली तिने एक नवं तंत्र शिकलं. एखाद्या पदार्थावर एक्स-रे सोडायचे, ते आतल्या कणांवर आपटून कसे विखुरतात त्याची छाया फिल्मवर घ्यायची आणि त्या ठिपक्यांवरून गणित मांडून आतली रचना ओळखायची. हात तोडणारा एक्स-रे काढायला दोन मिनिटं लागतात, पण या कामात एका फोटोला तासन् तास, कधी दिवससुद्धा लागतात. त्यानंतर महिनोन् महिने आकडेमोड. संयम नसलेल्याचं हे काम नाही.

पॅरिसची ती चार वर्षं तिच्या आयुष्यातली सर्वांत आनंदाची. तिथे बाई म्हणून कुणी वेगळी वागणूक देत नव्हतं. सगळे एकत्र जेवायला जायचे, तावातावाने वाद घालायचे. ती अस्खलित फ्रेंच बोलायची, मन लावून स्वयंपाक करायची, कपडे नीटनेटके घालायची आणि सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढायला निघायची. शास्त्रज्ञ बाई म्हणजे रूक्ष, संसाराला नालायक, असं जे चित्र आपल्या डोळ्यासमोर असतं, ते या मुलीला अजिबात लागू नाही.

एक्कावन्न नंबरचा फोटो

जानेवारी १९५१ मध्ये ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. तिथे डीएनए या पदार्थावर काम चालू होतं. आपल्या शरीरातल्या पेशींत डीएनएचे लांब धागे असतात. नाक आजीसारखं, केस बापासारखे, हे सगळं या धाग्यांतच लिहिलेलं असतं. पण त्यांची घडण काय, हे कोडं होतं.

सुरुवातच गोंधळाने झाली. विभागप्रमुख जॉन रँडल यांनी तिला पत्रात कळवलं की डीएनएचं एक्स-रे काम तिच्याकडे राहील. आधीपासून ते काम करणारे मॉरिस विल्किन्स यांना मात्र याची नीट कल्पना नव्हती. त्यांना वाटलं, आपल्याला मदतनीस मिळाली. तिला वाटलं, हे काम आपलं. दोघांचे स्वभावही उलटे. ती स्पष्ट, तडकाफडकी बोलणारी, आणि ते मितभाषी, मनात ठेवणारे. त्यात कॉलेजात पुरुष प्राध्यापकांची जेवणाची खोली वेगळी, तिथे बायकांना प्रवेश नाही. कामाच्या ठिकाणी अर्ध्या गोष्टी चहा-जेवणाच्या वेळी ठरतात, हे नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना सांगायला नको.

तरी तिने काम थांबवलं नाही. डीएनएच्या केसाहून बारीक धाग्याभोवतीची हवा किती दमट ठेवायची, यावर तिने नेमका ताबा मिळवला. त्यामुळे तिच्या लक्षात आलं की डीएनएची दोन रूपं आहेत, एक कोरडं आणि एक ओलसर. आधीच्या लोकांच्या फोटोत दोन्हींची सरमिसळ व्हायची, म्हणून चित्र धूसर यायचं. तिने ती वेगळी केली. मे १९५२ मध्ये तिच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्याने ओलसर रूपाचा एक फोटो घेतला. त्याला ६० तासांच्या वर लागले. तोच पुढे एक्कावन्न नंबरचा फोटो म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्यात काळ्या ठिपक्यांची ठसठशीत फुली दिसते. जाणकाराला त्यावरून कळतं की हा धागा पीळदार आहे, जिन्यासारखा गोल फिरत जाणारा.

३० जानेवारी १९५३ ला विल्किन्स यांनी तो फोटो केंब्रिजहून आलेल्या जेम्स वॉटसनला दाखवला. रोझलिंडला न विचारता, न सांगता. तिच्या मोजमापांचे आकडे असलेला एक अहवालही केंब्रिजला वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांच्या हाती पोचला. ते दोघं डीएनएचा सांगाडा जुळवायच्या खटपटीत होतेच. महिन्या-दीड महिन्यात त्यांनी तो जुळवला. दोन धागे एकमेकांभोवती पीळ घालून वर चढणारे, मध्ये पायऱ्या. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ या नियतकालिकात तीन लेख एकत्र छापून आले. पहिला वॉटसन-क्रिकचा, दुसरा विल्किन्स यांच्या गटाचा आणि तिसरा रोझलिंड व गॉसलिंगचा. वाचणाऱ्याला वाटावं, की तिने दुसऱ्याच्या शोधाला दुजोरा दिला.

नीट न्यायाने बोलायचं तर सांगाडा जुळवण्याची बुद्धी वॉटसन-क्रिकची होती, ते नाकारता येत नाही. पण ज्या पक्क्या पायावर तो उभा राहिला, तो तिच्या कष्टाचा होता. तिच्या वहीवरून दिसतं की फेब्रुवारी १९५३ मध्ये तीही दोन धाग्यांच्या निष्कर्षापर्यंत आलीच होती.

विषाणूंच्या मागावर

मार्च १९५३ मध्ये किंग्ज कॉलेज सोडून ती जे. डी. बर्नाल यांच्याकडे बर्कबेक कॉलेजात गेली. जागा जुन्या घरात, अडचणीची. पण तिथे तिला मोकळेपणा मिळाला. आणि इथून पुढचं तिचं काम आपल्या विषयाच्या अगदी जवळ येतं, कारण ती विषाणूंकडे वळली.

आधी घेतला तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा विषाणू. आपल्याकडे सोयाबीनवर पिवळा मोझॅक येतो, भेंडीवर हळद्या पडतो, तोही विषाणूचाच प्रताप. तंबाखूचा विषाणू म्हणजे प्रथिनाची पोकळ नळी असते, आणि त्याचं जनुकीय द्रव्य, म्हणजे आरएनए, त्या नळीच्या भिंतीत आत रुतून पीळ घालत बसलेलं असतं, हे तिने दाखवलं. ॲरन क्लुग, जॉन फिंच, केनेथ होम्स अशी तरुण मंडळी तिच्याभोवती जमली. पाच वर्षांत या गटाने विषाणूंच्या घडणीवर जे काम केलं, त्याला तोड नव्हती.

१९५६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना तिच्या लक्षात आलं की पोट वाढलंय, स्कर्टची कंबर बसत नाही. लंडनला परतल्यावर तपासणी झाली. बीजांडकोशाचा कर्करोग निघाला. वय ३६. शस्त्रक्रिया झाल्या, उपचार झाले. आजारपणात काही दिवस ती क्रिक पतीपत्नीच्या घरी विश्रांतीला राहिली. वैर धरून बसायचा तिचा स्वभाव नव्हता. थोडं बरं वाटलं की ती पुन्हा प्रयोगशाळेत हजर व्हायची. इथे एक सांगते. पोट सतत फुगल्यासारखं वाटणं, दोन घासांत पोट भरणं, हे आपण बायका गॅसेस म्हणून सोडून देतो. दोन-तीन आठवडे राहिलं तर एकदा दाखवून घ्यावं.

आणि अशा आजारात, १९५७ मध्ये तिने हातात घेतला पोलिओचा विषाणू. हा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आणि काहींच्या बाबतीत मज्जारज्जूपर्यंत पोचून तिथल्या पेशी मारतो. पाय लुळा पडतो तो यामुळे. म्हणजे हा मेंदू-मज्जासंस्थेचाच विषाणू. त्याच्यावर काम करायचं म्हणजे जोखीम, आजूबाजूचे लोकही घाबरलेले. ती मागे हटली नाही. पण काम पुरं करायला आयुष्य पुरलं नाही. १६ एप्रिल १९५८ ला ती गेली, वय अवघं ३७. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं, तिथे तिच्या विषाणूची मोठी प्रतिकृती मांडलेली होती. पोलिओच्या विषाणूची रचना फिंच आणि क्लुग यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली आणि ते काम तिच्या स्मृतीला अर्पण केलं.

१९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. मृत्यूनंतर नोबेल देत नाहीत, त्यामुळे तिचा प्रश्नच आला नाही. १९६८ मध्ये वॉटसनने आपल्या पुस्तकात तिचं चित्र तिरसट, नीट राहायला न येणारी बाई असं रंगवलं. उत्तर द्यायला ती नव्हती. १९७५ मध्ये ॲन सेयर या तिच्या मैत्रिणीने तिचं चरित्र लिहिलं, तेव्हा जगाला दुसरी बाजू कळली. क्लुग यांना १९८२ मध्ये नोबेल मिळालं, ते तिच्याबरोबर सुरू केलेल्या वाटेवरच. २०१९ मध्ये युरोपच्या अवकाश संस्थेने मंगळावर पाठवायच्या गाडीला तिचं नाव दिलं.

आपल्या दारापर्यंत आलेलं काम

आता म्हणाल, हे सगळं खरं, पण आपल्या लेकराच्या तापाशी याचा काय संबंध? सांगते.

डीएनएचे दोन धागे एकमेकांना पूरक असतात, हे कळल्यामुळेच पुढे १९८३ मध्ये कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला पीसीआरची युक्ती सुचली. नमुना तापवला की दोन धागे सुटे होतात. थंड केला की प्रत्येक धागा आपला नवा जोडीदार तयार करून घेतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. असे ३० फेरे झाले की एका तुकड्याचे १०० कोटींहून जास्त होतात. मग पाण्याच्या चार थेंबांत लपलेला विषाणूही सापडतो. आरएनए असलेल्या विषाणूचं आधी डीएनएत रूपांतर करावं लागतं, म्हणून त्या चाचणीला आरटी-पीसीआर म्हणतात.

ही चाचणी येण्याआधी हर्पिस नावाच्या विषाणूचा मेंदूज्वर पक्का ओळखायचा तर कवटी उघडून मेंदूचा तुकडा काढावा लागायचा. आता मणक्यातल्या पाण्यावर भागतं. आणि हे ओळखणं का महत्त्वाचं? तर या एका मेंदूज्वरावर असायक्लोविर हे औषध आहे. उपचार नाही मिळाले तर १० पैकी सातेक रुग्ण दगावतात, वेळेवर मिळाले तर बहुतेक वाचतात. म्हणून संशय आला की डॉक्टर कागद यायची वाट न पाहता औषध सुरू करतात आणि नंतर चाचणीप्रमाणे ठरवतात. त्यांना ते करू द्यावं.

आपल्या विदर्भाचं नाव तर एका विषाणूलाच आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा केला. त्याला गावाचंच नाव पडलं. तो वाळूमाशीतून पसरतो आणि लहान लेकरांच्या मेंदूवर घाला घालतो, कधी कधी एका-दोन दिवसांत जीव घेतो. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २००७ मध्ये नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलं नेली. त्यावर खास औषध नाही, पण झटके थांबवणं, श्वास सांभाळणं, मेंदूची सूज उतरवणं हे वेळेत झालं तर लेकरू वाचू शकतं. साथ नेमकी कशाची, हे आरटी-पीसीआरने लवकर कळलं तर फवारणी कुठे करायची तेही कळतं. वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात राहते. भेगा लिंपणं, गोठा कोरडा ठेवणं, लेकरांना मच्छरदाणीत झोपवणं, हे तर आपल्याच हातात आहे.

पोलिओचंही तसंच. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. तरी आजही कुठल्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, की त्याच्या शौचाचे दोन नमुने तपासणीला जातात. मुंबईत परळला हाफकिन संस्थेच्या आवारातल्या प्रयोगशाळेत विषाणूची जनुकं वाचून तो कुठल्या जातीचा, कुठून आला, हे ठरवतात. आपल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका अशी बातमी लगेच कळवतात, ती यासाठीच.

पीसीआर म्हणजे जादू नाही. फार लवकर नमुना घेतला तर विषाणू असूनही सापडत नाही, मग पुन्हा घ्यावा लागतो. जपानी मेंदूज्वरात विषाणू पाण्यातून लवकर नाहीसा होतो, तिथे दुसरी चाचणी लागते. कितीदा कारण शेवटपर्यंत कळत नाही. पण अंधारात तीर मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि मणक्याच्या पाण्याची भीती? आपला मज्जारज्जू कमरेच्या वरच्या बाजूलाच संपतो. सुई त्याच्या खाली घालतात, तिथे फक्त पाणी आणि सुटे तंतू असतात. डॉक्टर आधी तपासून, गरज पडली तर मेंदूचा स्कॅन करूनच हे करतात. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं, पण या सुईने माणूस लुळा पडतो हा गैरसमज आहे. लुळेपण येतं ते बहुतेक आजाराने, उशिराने. तापात झटका आला, लेकरू गुंगीत गेलं, वेडंवाकडं बोलू लागलं, मान ताठ झाली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि मोठा दवाखाना गाठा. डॉक्टर परवानगीचा कागद पुढे करतील तेव्हा शंका जरूर विचारा, पण सही अडवून ठेवू नका.

रोझलिंडला मूलबाळ नव्हतं, लग्न केलं नव्हतं. तिच्या नावाचं बक्षीस तिने पाहिलं नाही, आणि तिच्या कामातून पुढे काय काय उगवणार हेही तिला पुरतं ठाऊक नव्हतं. समोर आलेलं काम ती नेटाने आणि चोख करत गेली, इतकंच. इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या मेडिकलमध्ये एखाद्या लेकराचा चाचणीचा कागद वेळेवर हाती येतो आणि ते चालत घरी जातं, त्यात तिचाही वाटा असतो. घरात शिकणारी, प्रश्न विचारणारी, जरा तडकाफडकी बोलणारी मुलगी असेल, तर तिला ही गोष्ट नक्की सांगा.